वर मलई, खाली निळा

गाड्या रंगवायच्या धंद्यात किस्से फार साठतात, आणि त्याचं कारण अगदी साधं आहे. रंग मारायला लागतो अर्धा तास आणि तो वाळायला अर्धा दिवस. उरलेल्या वेळात माणूस बोलणार नाही तर काय करणार? त्यातून ज्याची गाडी असते तो समोर खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि रंगातलं आपल्याला सगळं कळतं अशी त्याची खात्री असते. असा माणूस समोर असला की किस्से शोधायला कुठं जावं लागत नाही.

मी कान्हे फाट्याजवळच्या एका पेंटिंगच्या शेडमध्ये रंग कालवते. त्याआधी नऊ वर्षं तळेगावच्या बाजूला एका कंपनीत होते, तयार पत्र्यावरचे डाग शोधायच्या कामावर. मग कंपनीनं एक मशीन आणलं, ते माझ्याहून जास्त डाग शोधायला लागलं आणि मी घरी आले. आमच्या शेडचा मालक दत्तूशेठ म्हणाला, "ये आमच्याकडं. आमच्याकडं डाग शोधावे लागत नाहीत." तेव्हापासून इथंच आहे.

शेडमध्ये आम्ही तिघं. दत्तूशेठ, मी आणि आबा. आबा सत्तरीचे, आमच्याच वस्तीतले, आणि स्प्रे गन हातात धरणारे एकटेच. दत्तूशेठ मालक असला तरी गनला हात लावत नाही. एकदा लावला होता. ती गाडी लोक अजून एकमेकांना दाखवतात.

आता सांगते ते सगळं एकाच गाडीचं आहे.

*

मे महिन्यात लोणावळ्याचे एक सर आले. आम्ही त्यांना सरच म्हणतो, कारण पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलेलं नाव कुणाच्या लक्षात राहिलं नाही आणि नंतर विचारायची लाज वाटली. पुण्यातली मोठी नोकरी सोडून त्यांनी लोणावळ्यात बंगला बांधला होता, आणि बंगल्याला शोभेल म्हणून पन्नासएक वर्षांचा जुना पिकअप घेतला होता. गोल दिवे, लांब नाक, मागं लाकडी फळ्यांचा हौदा. कुणाला घरापुढं तुळस लागते, कुणाला पिकअप.

इंजिनाचं काम कामशेतच्या मेस्त्रीनं आधीच करून दिलं होतं, त्यामुळे गाडी स्वतःच्या पायानं आली. रंग मात्र असा होता, की तो नेमका कोणता हे ठरवायला पंचायत बसवावी लागली असती.

सर म्हणाले, "टू-टोन करायचंय."

दत्तूशेठला वाटलं हॉर्नविषयी बोलताहेत. त्यानं आदबीनं सांगितलं, की हॉर्नचं काम आम्ही करत नाही, वडगावला जावं लागेल.

मग सरांनी मोबाईलवर एक फोटो दाखवला. परदेशातली गाडी, कमरेच्या वर एक रंग, खाली दुसरा, आणि मधे सुरीनं कापल्यासारखी रेघ. आबांनी मोबाईल लांब धरून बघितला आणि विचारलं, की ही गाडी दोघा भावांत वाटून घेतलीय का. सर हसले. म्हणाले, ही क्लासिक पद्धत आहे, जुन्या काळी गाड्या अशाच असायच्या.

"जुन्या काळी आमी व्हतो की," आबा म्हणाले. "आमाला कुणी सांगितलं न्हाई."

*

रंग ठरवायला सरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एक ग्रुप काढला. त्यात सर, त्यांच्या मॅडम, बंगल्याचा आर्किटेक्ट, अमेरिकेतली मुलगी, जुन्या गाड्यांचे चार जाणकार आणि मी. मला घेतलं कारण रंग शेवटी मीच कालवणार होते. पण मत विचारण्याइतकी माझी पायरी नव्हती, आणि मीही ते आपण होऊन दिलं नाही.

वरच्या अर्ध्या भागाला मलईसारखा रंग द्यायचा, हे पहिल्याच दिवशी ठरलं. भांडण खालच्या अर्ध्याचं होतं. मॅडमना हवा होता 'सेज'. मुलीला 'सी-फोम'. आर्किटेक्ट म्हणाला, बंगल्याच्या भिंतींशी 'संवाद' साधणारा कुठलाही चालेल. अशी बारा नावं झाली. मी प्रत्येकाचा नमुना पत्र्याच्या तुकड्यावर मारून फोटो टाकत होते, आणि प्रत्येक जण तोच फोटो बघून वेगळंच बोलत होता. एकाला तो राखाडी दिसे, एकाला पोपटी, आणि मुलीकडे तेव्हा रात्र असायची, त्यामुळे तिला सगळेच रंग जरा गडद वाटायचे.

तीन आठवडे हे चाललं. शेवटी सर स्वतः शेडवर आले, आबांच्या पुढ्यात मोबाईल धरला आणि म्हणाले, आता हा फायनल. मागून मॅडम आल्या, त्यांनीही मोबाईल धरला. तोच फोटो, तोच तुकडा. एकात हिरवा, एकात निळसर.

आबांनी दोन्हीकडे बघून घेतलं. "रंग गाडीला द्यायचा हाय का मोबाईलला, तेवढं ठरवा," असं म्हणाले आणि चहा प्यायला गेले.

*

रंग ठरेना म्हणून आम्ही तोवर जुना रंग घासायला काढला. पन्नास वर्षांच्या गाडीला घासणं म्हणजे कांदा सोलणं, डोळ्यांतून पाणीही तेवढंच येतं. वर तपकिरी, त्याखाली पोपटी, त्याखाली पांढरा, मग कुठल्याशा निवडणुकीतली अर्धी कपबशी. आणि सगळ्यांच्या खाली, दाराच्या आतल्या कडेला, तळहाताएवढा एक निळा तुकडा निघाला. स्वच्छ, खोल निळा. इतकी वर्षं पोपटी आणि तपकिरीच्या खाली राहूनही तसाच.

सरांना फोन केला. ते तासाभरात हजर. त्यांनी बॅटरी मारून तो तुकडा बघितला, भिंग लावून बघितला, चाळीसएक फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. जाणकारांमध्ये धावपळ उडाली. एक म्हणाला, हा फॅक्टरीतला मूळ रंग. दुसरा म्हणाला, मूळ तर आहेच, पण अत्यंत दुर्मिळ. तिसऱ्यानं सांगितलं, की हा निळा फक्त परदेशी पाठवायच्या गाड्यांना मारत, एखादी चुकून आपल्याकडे राहिली असणार. चौथा फक्त हात जोडलेले टाकत होता.

सर एकेक मेसेज आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवत होते. आबा बाजूला बसून ऐकत होते. सगळे मेसेज संपल्यावर त्यांनी कप खाली ठेवला.

"सर, ह्यो मीच मारलेला हाय," ते म्हणाले. "जयंतीच्या रथाला निळा कालवला व्हता, त्यातला दीड डबा उरला. त्याच आठवड्यात ही गाडी कामाला आलती. दिला मारून."

सरांनी मोबाईल खिशात टाकला. मला त्यांची दया आली, आणि मी कुणाची सहसा दया करत नाही. मग त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे हे हेरिटेज नाही?"

"हेरिटेज तर हायेच," आबा म्हणाले. "फकस्त कंपनीचं न्हाई, आमचं हाय."

सरांनी तो तुकडा पुन्हा एकदा बघितला आणि म्हणाले, मग हाच द्या. ग्रुपवरच्या जाणकारांना त्यांनी खरं काय ते अजून सांगितलेलं नाही. तिसरा माणूस त्या निळ्यावर लेख लिहितोय असं कळतं.

तो निळा मी सहा वेळा कालवला. कंपनीत मशीनवर आकडे यायचे, आकडे जुळले की रंग जुळला. इथं आबा काडीवरचा थेंब उन्हात धरायचे आणि मान हलवायचे. नाही. पुन्हा नाही. सहाव्या वेळी त्यांनी थेंब धरला आणि काही न बोलता तसेच उभे राहिले. मी तेव्हा समजले, की जुळला.

*

मग आला रेघेचा प्रश्न. दोन रंगांचं काम म्हणजे खरं त्या मधल्या रेघेचं काम. ती हुकली की वरचाही गेला आणि खालचाही.

त्यासाठी सरांनी पुण्याहून एक मित्र आणले. कार्डावर 'ऑटोमोटिव्ह कन्सल्टंट' लिहिलेलं. त्यांनी शेडभर एक फेरी मारली आणि पहिलंच वाक्य बोलले, की आजकाल रंग कोण मारतं, सरळ स्टिकर चिकटवायचा, आठ तासांत गाडी बाहेर. दत्तूशेठचे कान उभे राहिले. ते मशीन कुठं मिळतं, शिकायला किती दिवस लागतात, माणसं किती लागतात, हे तो विचारत बसला. माणूस एकच लागतो, असं उत्तर आलं. हे सगळं आबांच्या समोर चाललं होतं. आबा टेपची रिळं पुसून ठेवत होते, ती पुसायची गरज नव्हती. मी कंपनीतलं मशीन आधी बघितलेलं असल्यामुळे मला पुढचं सगळं दिसत होतं.

मग कन्सल्टंटनी लेझर लावला. गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत लाल रेघ उमटली, केसाइतकी बारीक आणि सरळ. तिच्यावरून आम्ही टेप ओढला. मागं सरून बघितलं तर गाडी शिंकायच्या बेतात असल्यासारखी दिसत होती. नाक वर, मागचं बूड खाली. आम्ही पुन्हा लेझर लावला. रेघ बरोबरच होती.

आबांनी कुणाला न विचारता टेप सोलून काढला. खडूत बुडवलेल्या दोरीचं एक टोक माझ्या हातात दिलं आणि मला मागं उभं केलं. ते रस्त्यापलीकडे जायचे, डोळा बारीक करून बघायचे, परत यायचे, दाराशी दोरी बोटभर खाली घ्यायचे, हौद्याशी दोन बोटं वर. असं दुपारभर. संध्याकाळी टेप लागला. गाडी जमिनीवर चारी पायांनी उभी राहिल्यासारखी दिसली.

कन्सल्टंटनी त्यावर लेझर मारला आणि तीन ठिकाणी चूक दाखवली. "टेक्निकली हे रॉंग आहे," ते म्हणाले.

"गाडीच वाकडी हाय, साहेब," आबा म्हणाले. "पन्नास वरसं वझं वाहून दार उतरलंय, हौदा कलंडलाय. म्हणून रेघ बी वाकडी मारली. आता दोगंबी सरळ दिसत्यात."

सर रस्त्यापलीकडे जाऊन बघून आले आणि म्हणाले, राहू दे हीच. कन्सल्टंट स्टिकरच्या मशीनचं एक रंगीत पत्रक दत्तूशेठला देऊन गेले. त्या संध्याकाळी दत्तूशेठनं त्या पत्रकावर वडापाव खाल्ला.

*

खालचा निळा कान्ह्याला झाला. वरची मलई मात्र सरांना स्वतःच्या बंगल्यात हवी होती, कारण त्यांना व्हिडिओ काढायचा होता. पोर्च, मागं डोंगर, पुढं गाडी आणि आबा गन मारताहेत, असं.

महिना ऑगस्टचा. आबा म्हणाले, लोणावळ्याला रंगाला सर्दी होते. सर म्हणाले, पोर्चला छप्पर आहे. आबांनी सांगितलं, की धुकं छपराला विचारून येत नाही. सरांना वाक्य आवडलं, त्यांनी ते आबांना कॅमेऱ्यासमोर परत म्हणायला लावलं.

अर्ध्या टपावर रंग झाला आणि धुकं आलं. दार न वाजवता आलं आणि पाहुण्यासारखं पोर्चमध्ये बसून राहिलं. पाच मिनिटांत मलईवर पांढरी साय धरली. कुठं दाट, कुठं विरळ, ओल्या भिंतीवर चुना मारावा तसं. आबांनी गन बंद केली. सर मात्र कॅमेऱ्याला समजावून सांगत होते, की हीच तर प्रोसेस आहे.

त्यांनी तो व्हिडिओ टाकला. खाली लिहिलं, लोणावळ्याच्या धुक्यातून सुचलेलं 'मिस्टी फिनिश'. लोकांनी तो डोक्यावर घेतला. नाशिकहून एका माणसानं नंबर शोधून दत्तूशेठला फोन केला, की माझ्या जीपला अगदी असंच करून पाहिजे. दत्तूशेठ म्हणाला, ते ऑर्डरप्रमाणे होतं, पण ऑगस्टातच यावं लागेल, बाकीच्या महिन्यांत माल येत नाही.

आम्ही चार दिवस बसून ती साय घासून काढली आणि मलई पुन्हा कान्ह्याला मारली. आबांनी सरांना एका शब्दानं टोकलं नाही. फक्त सर आले की ते काळजीनं विचारायचे, "सर्दी बरी हाय का आता?"

*

गाडी तयार झाली. सरांनी तिला एक फेरी म्हणून लोहगडवाडीला नेली, आम्हा तिघांना घेऊन. भज्यांच्या टपरीपुढं लावली. टपरीवाला कढईतून झारा काढून बाहेर आला, गाडीभोवती फिरला आणि सरांना हळू आवाजात म्हणाला, की रंग मधेच संपला असेल तर त्याच्याकडं घराला मारलेला थोडा उरलाय.

यापेक्षा मोठं काम पासिंगच्या ऑफिसात होतं. रंग बदलला की कागदावर तो बदलून घ्यावा लागतो. सरांच्या सोबत मीही गेले, रंगाची माहिती द्यायला. खिडकीवरच्या साहेबांनी फॉर्म पुढं केला आणि विचारलं, रंग कोणता. सर म्हणाले, दोन आहेत. साहेब म्हणाले, रकाना एक आहे. सरांनी टू-टोनचा इतिहास सांगितला, मोबाईल काढून परदेशातली गाडी दाखवली. मागची रांग वाढत गेली. शेवटी साहेब चष्मा लावून स्वतः बाहेर आले. गाडी पुढून बघितली, मागून बघितली, वाकून खालून बघितली. मग माझ्याकडे वळले, कारण सरांवरचा त्यांचा विश्वास उडाला होता.

"मॅडम, यातला रंग कोणता आणि डाग कोणता, एवढंच सांगा."

नऊ वर्षं मी डाग शोधायचा पगार घेतला, पण असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

*

गाडी सरांच्या ताब्यात द्यायच्या दिवशी परंदवडीहून बाळासाहेब आले. त्यांनी धुक्याच्या त्या व्हिडिओत गाडीचा नंबर ओळखला होता आणि सरांना फोन करून सांगितलं होतं, की ही गाडी मूळ आमची, आमच्या वडिलांची. बाळासाहेब पन्नाशीचे, जमिनीचे प्लॉट पाडायच्या धंद्यात. पांढरी गाडी, पांढरे कडक इस्त्रीचे कपडे, पांढरे बूट. बरोबर त्यांनी आईला आणलं होतं, फोटोसाठी. अनुसयामावशी. ऐंशीच्या आसपासच्या, बारीक चणीच्या, नऊवारी नेसलेल्या.

बाळासाहेब सरांना सांगत होते, की वडील गेल्यावर ही गाडी आम्ही घरातल्या माणसासारखी जपली. सरांनी ती एका भंगारवाल्याकडून घेतली होती, आणि भंगारवाल्यानं परंदवडीच्या एका गोठ्यामागून उचलली होती. चाकांच्या जागी विटा होत्या आणि सीटवर कोंबड्या बसत. सरांना हे सगळं ठाऊक होतं. पण ते मान हलवत ऐकत राहिले.

मावशी गाडीच्या मागच्या बाजूला गेल्या होत्या. हौद्याच्या फळीवरून त्यांनी हात फिरवला, साखळीची कडी ओढून बघितली. रंगाकडे त्यांचं लक्ष नव्हतं. सरांना राहवेना. त्यांनी जवळ जाऊन विचारलं, की मावशी, तुमच्याकडे होती तेव्हा गाडीचा रंग कसा होता.

"काय म्हाईत, बाबा," मावशी म्हणाल्या.

सरांना वाटलं, वयामुळे आठवत नसेल. पण मावशींचं बोलणं अजून संपलं नव्हतं.

"तीस वरसं बाजाराला गेले हिच्यातनं. पर मी कायम हितं, मागं, मेथीच्या जुड्यांवर. पुढं मालक बसायचं आन ह्यो." त्यांनी हनुवटीनं बाळासाहेबांकडे दाखवलं. "पहाटं अंधारात चढायचं. बाजारात उतरलं की डोक्यावर पाटी. मान वर करून गाडीचा रंग कवा बघायचा?"

बाळासाहेब म्हणाले, आई, चल, फोटो काढून घेऊ, मला पुढं मीटिंग आहे.

सर गाडीच्या पुढच्या बाजूला गेले. पासिंगहून आल्यापासून आठ दिवस त्या दाराला आम्ही कुणाचं बोट लागू दिलं नव्हतं. ते त्यांनी पुरतं उघडलं आणि म्हणाले, "या मावशी, एक चक्कर मारून येऊ."

पायरी उंच होती. आबांनी हात पुढं केला. मावशी त्या हाताला धरून चढल्या, सीटवर बसल्या, पदर सारखा केला आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून काचेतून समोर बघायला लागल्या. सर वळसा घालून स्टिअरिंगवर बसले आणि गाडी चालू केली.

त्या जुन्या पिकअपमध्ये पुढं तिघं आरामात बसतात. बाळासाहेब मोबाईल खिशात टाकत दाराशी आले, एक पाय पायरीवर ठेवला आणि म्हणाले, "सरक जरा, आई."

मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी समोरची नजरही काढली नाही.

"बाळ्या," त्या म्हणाल्या, "तू मागं बस."

बाळासाहेबांनी आपल्या कपड्यांकडे बघितलं, मग सरांकडे, मग आमच्याकडे. दत्तूशेठनं तोवर हौद्याची मागची फळी खाली टाकली होती.